पणजोबांची थकबाकी

सोलापूरला जायचं तर हुतात्मा एक्सप्रेसनंच, हा आत्याचा हट्ट. "आपल्या माणसांच्या नावाची गाडी आहे." ज्या चौघांवरून ते नाव पडलं ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला त्यांना येरवड्यात फाशी दिलं. त्यांत आमच्या घरचं कुणी नव्हतं, पण आत्याला अख्खं सोलापूर नात्यात लागतं.

घरचे होते ते पणजोबा, नगरपालिकेचे सभासद. ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेवर तिरंगा चढला. पुढे अध्यक्ष माणिकचंद शहा तुरुंगात गेले आणि मे महिन्यात शहरावर मार्शल लॉ आला. आमच्याकडच्या कथेत त्या झेंड्याची दोरी पणजोबांच्या हातात असते. दर दिवाळीला ती दोरी थोडी लांबते.

महापालिकेची इंद्रभुवन इमारत बघितली, चार पुतळा चौकात उभा राहिलो, उन्हानं जीव नकोसा झाला. शेवटी पणजोबा ज्याचे कार्यवाह होते ते वाचनालय सापडलं. तिथल्या बाईंनी आधी अर्ज मागितला, मग ओळखपत्र, मग चेअरमनची सही. चेअरमन लग्नाला गेलेले. मी पायरीवर बसून राहिलो. पेपर वाचणाऱ्या एका आजोबांनीच शेवटी कपाट उघडायला लावलं. "जुन्या वह्यात काय बघायलाव? वाळवी हाय नुसती."

वाळवी होतीच, पण इतिवृत्ताची वहीही होती. झेंड्याचा उल्लेख नाही. मे १९३० समोर फक्त 'सभा तहकूब'. त्याआधी मात्र पानोपानी गटार! वाचनालयाच्या दारात तुंबलेलं. पणजोबा नगरपालिकेत आहेत, तेव्हा हा प्रश्न त्यांनीच सोडवावा, असा ठराव. पुढच्या सभेत 'पुन्हा विनंती'. त्यापुढच्या सभेत 'सक्त विनंती'. मग एकदाचं 'गटार झाले, आभार'. त्याच वहीत तालमीच्या मातीसाठी गोळा केलेली वर्गणी, मेळ्याच्या बत्त्यांचं भाडं, दोन गटांतलं भांडण मिटवायला बोलावलेली बैठक. सगळीकडे हाच माणूस. एवढी चिकाटी दोरी ओढायला लागत नाही, आणि आम्ही तीन पिढ्या दोरीच सांगत बसलो याचा मला खरंच राग आला.

शेवटच्या पानावर थकबाकीदारांची यादी. पहिलंच नाव आमचं. बारा आणे.

मी मोठ्यानं हसलो. बाईंनी "शांतता राखा"च्या पाटीकडे बोट दाखवलं.

रात्री आत्याला फोन केला. गटाराचं ऐकून ती गप्प. बारा आण्यांवर मात्र उसळली, "अरे, दुसऱ्यांच्या वर्गण्या गोळा करणारा माणूस तो, त्याला स्वतःची भरायला सवड कुठली? कुणीतरी मुद्दाम लिहिलंय. भांडणातल्या त्या दुसऱ्या गटाची नावं उतरवून आणलीस का?"

आणली नव्हती. ती आता स्वतः जायचं म्हणते आहे.