तांदळाची बाटली

सांगलीत एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे मी. एसटीतून रिटायर झालेले एक काका दर महिन्याला अॅटोरवास्टॅटिन २०, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातली गोळी, न्यायला येतात. त्या दिवशी मात्र म्हणाले, पोरी, दुखण्यावर जरा जोरातली गोळी दे की, मांड्या नुसत्या भरून आल्यात, जिना चढवत नाही.

डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीसाठी ड्रॉवर उघडला पण हात थांबला, दोन्ही मांड्या एकदम? विचारलं, पडलात-बिडलात का, काही जड उचललं का, नवीन औषध सुरू केलंय का? सगळ्याला नाहीच. मग पैसे काढता काढता म्हणतात, औषध नाही गं, नातवानं अमेरिकेतनं कोलेस्टेरॉलची एक बाटली पाठवलीय, नॅचरल, तांदळाची आहे, महिना झाला घेतोय.

काकूंकडून व्हॉट्सअॅपवर फोटो मागवला, रेड यीस्ट राइस! पोटात धस्स झालं. तांदळावर एक बुरशी वाढवून हे करतात आणि त्यात तयार होणारं मोनाकोलिन के म्हणजेच लोव्हास्टॅटिन, १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध, अगदी तेच रसायन. म्हणजे काका स्टॅटिनवर स्टॅटिन घेत होते, आणि स्टॅटिन जास्त झालं की स्नायूंना इजा होऊ शकते. त्यात बाटलीवर मोनाकोलिन किती याचा आकडाच नाही, युरोपात २०२२ पासून दिवसाला ३ मिलीग्रॅमच्या आत असायला लागतं.

हळूच विचारलं, काका लघवीचा रंग कसाय? म्हणाले, कोऱ्या चहासारखा, ऊन लागलं असेल.

स्नायू तुटून त्यातला माल किडनीवर येत असताना मी वर किडनीवर ताण आणणारं डायक्लोफिनॅक देणार होते, आजही आठवलं की हात गार पडतात. त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, त्यांनी दोन्ही बंद करून लगेच बोलावलं. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, साधारण २०० पर्यंत असतं, काकांचं ४ हजारांच्या वर. चार दिवस सलाईनवर होते, किडनी वाचली.

दीड महिन्याने काका स्वतः जिना चढून, म्हणजे आमच्या दुकानाच्या पाच पायऱ्या, वर आले. नातू फोनवर रडला म्हणे, त्या पोराने प्रेमानेच पाठवलेलं ना. डॉक्टरांनी आता कमी डोसचं दुसरं स्टॅटिन दिलंय. विचारत होते, इसबगोल चालेल का? म्हटलं चालेल, डॉक्टरांना सांगून घ्या, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं त्याने, पण भरपूर पाण्यात घ्या आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. ते त्यांनी डायरीत लिहून घेतलं, मग पिशवीतून घरातल्या सगळ्या बाटल्या काढून काउंटरवर मांडल्या, च्यवनप्राशसकट. म्हणाले, बघ एकेक.