तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्याच्या नालेची सुरी का करत नाही?

मी नालबंद. महालक्ष्मीच्या तबेल्यांत घोड्यांना नाल ठोकतो. जुलै ते ऑक्टोबर शर्यती पुण्याला असतात, तेव्हा इथलं काम कमी होतं. त्या दिवसांत कुर्ल्याला एका लोहाराच्या भट्टीवर सुऱ्या घडवायला शिकायला लागलो. हे कळलं की ऐकणारा हमखास विचारतो, "मग नालेचीच सुरी करून द्या की, तुमच्याकडे तर ढीग पडला असेल!" काहींना तर काळ्या घोड्याच्याच नालेची हवी असते. दारावर लावायची तशी स्वयंपाकघरातही राहील, शुभ असते म्हणतात. इतके जण इतक्या आपुलकीने विचारतात, म्हणून एकदा नीट सांगतो.

नालेची सुरी दिसायला होते, कापायला होत नाही.

नाल असते माइल्ड स्टीलची. त्यात कार्बन 0.2 टक्क्याच्या आसपास. धार टिकायची तर पोलादात निदान 0.6 टक्के तरी कार्बन लागतो. तेवढा असला तरच लालबुंद पातं तेलात बुडवल्यावर कडक होतं. नालेला कितीही पाणी द्या, म्हणजे तापवून बुडवा, ती मऊ ती मऊच. ग्राइंडरवर धरलं की ठिणग्यांवरून लगेच कळतं. नालेच्या ठिणग्या लांब, सरळ जातात आणि विझतात. चांगल्या पोलादाची ठिणगी मध्येच फुटते, तिला फाटे फुटतात. नालेच्या सुरीने पहिला टोमॅटो छान कापला जाईल, पण आठवडाभरात तुम्ही तिला धार लावून लावून कंटाळाल.

पण म्हणून नाल हलकी समजू नका. तो मऊपणाच तिचा गुण आहे. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलीमीटर वाढतो. चार-सहा आठवड्यांनी नाल उतरवायची, खूर तासायचा, कानशीने सपाट करायचा आणि नाल त्या खुरावर पुन्हा बेतायची. कोणतेही दोन खूर सारखे नसतात, एकाच घोड्याचे पुढचे दोनसुद्धा नाहीत. नाल ऐरणीवर चार घावांत वळली पाहिजे, थोडी उघडली पाहिजे. खिळाही तसाच मऊ लागतो. खुराच्या तळाशी एक पांढरी रेषा असते. खिळा तिच्या बाहेरून, मेलेल्या भागातून घालायचा आणि भिंतीतून वर काढायचा. टोक मोडून उरलेला भाग खाली दुमडून बसवायचा. कडक पोलादाचा खिळा दुमडताना तुटेल. आणि कडक नाल डांबरी रस्त्यावर झिजायच्या ऐवजी घसरेल. शर्यतीची हलकी अ‍ॅल्युमिनियमची नाल तर विषयच सोडा. ती 660 अंशांना वितळते आणि त्याआधी लालही होत नाही. म्हणून ती थंडच वळवायची.

मग मी सुरी करतो कशाची? कानशीची. खूर घासायची मोठी कानस, एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. झिजली की आमच्या धंद्यात तिचा उपयोग संपतो, आणि चांगल्या कानशीत कार्बन 1 टक्क्याच्या आसपास असतो. मात्र स्वस्त कानशी नुसत्या वरून कडक केलेल्या असतात, आत मऊ. म्हणून आधी एक तुकडा तापवून बुडवायचा, शिकंज्यात धरून हातोडा मारायचा. काचेसारखा तुटला तर कानस कामाची. तुम्हाला द्यायचंच असेल काही, तर नाल नको, जुनी कानस आणून द्या. मोटारीच्या कमानीचा पाटाही चालतो, कुर्ल्याच्या भंगारात तो सहज मिळतो.

नालबंदाला हे सोपं जात असेल, असंही लोक म्हणतात. हातोडा नेमका कुठे पडेल हे हाताला माहीत आहे, ते कामी येतं. पात्याची धारेची बाजू ठोकून पातळ केली की तिकडचं लोखंड लांबतं आणि पातं पाठीकडे वाकतं. ते आधीच उलट वाकवून ठेवायचं असतं. वाकवणं तर आमचं रोजचंच.

अवघड आहे ते तापमान. माइल्ड स्टील पांढरंफटक तापलं तरी सोसतं. कानशीचं पोलाद तेवढं तापवलं तर ठिणग्या उडून जळतं, मग ते भंगारातच. वस्तादांनी भट्टीच्या दाराला गोणपाट टांगलंय, कारण रंग अंधारातच खरा दिसतो. पाणी देताना तारेला बांधलेलं लोहचुंबक पात्याला लावून बघायचं. 770 अंशांच्या आसपास ते चिकटायचं बंद होतं. त्यानंतर अजून थोडं तापवायचं. आणि इथे एक गोष्ट बघायला मिळते, जिच्यासाठी मी पावसातून कुर्ल्याला जातो. लाल पात्यातून एक सावली सरकत जाते, जाड पाठीकडे रेंगाळते आणि नाहीशी होते. सगळं पातं एकसारखं उजळलं की वस्ताद फक्त "हं" म्हणतात. लगेच कोमट शेंगदाणा तेलात, टोक खाली, सरळ. वेडंवाकडं बुडवलं तर पातं पिळवटतं. बाहेर काढून कानस फिरवली की ती काचेवरून घसरल्यासारखी घसरते. त्या आवाजाचं सुख मला शब्दांत सांगता येत नाही. मग 200 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास, म्हणजे ठिसूळपणा जातो. घासलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग येतो.

अशी सुरी मुंबईच्या पावसात जपावी लागते. सिंकमध्ये ओली ठेवली तर सकाळी तांबेरा दिसलाच. धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा. लिंबू-कैरीने ती काळपट होते, त्याला घाबरायचं कारण नाही.

आता ज्यांना नालेचीच हवी त्यांच्यासाठी. एक वाट आहे. गावाकडचे लोहार कोयत्याच्या धारेत पोलाद बसवतात, बाकी अंग साध्या लोखंडाचं. तसंच नाल उघडून सरळ करायची, दोन पट्ट्यांच्या मधे कानशीचं पोलाद घालायचं, टाकणखार टाकून पिवळ्या उष्णतेला तिन्ही सांधायचे. धारेला पोलाद, दोन्ही अंगांना नाल. सांधा आतून पूर्ण बसला नाही तर पुढे धार लावताना फट दिसते, म्हणून वस्ताद अजून मला साध्या पट्ट्यांवरच सांधायला लावतात. त्यांनी हो म्हटलं की पहिली नाल चेंबूरच्या त्या काकूंची, ज्यांनी ती फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणून ठेवली आहे.