एस्प्लनेड मॅन्शन पाडू नका

मुंबईत काळा घोडा भागात गेलं की माझी नजर आधी एस्प्लनेड मॅन्शनकडे वळते, पाडून टाका म्हणतात त्या जुन्या इमारतीकडे. वकिलीची उमेदवारी मी तिथल्याच एका खोलीत केली. सेशन्स कोर्ट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बहुतेक ऑफिसं वकिलांचीच. आमच्या प्लायवूडच्या पार्टिशनमधून बिडाचा एक खांब अर्धाच बाहेर आलेला असायचा. त्यावर रंगाचे इतके थर, की नक्षी बोटांनी चाचपूनच कळायची.

मूळचं हे वॉटसन्स हॉटेल. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लोखंडी भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणले आणि १८६०च्या दशकात इथे जोडले. भार सगळा लोखंडी सांगाड्यावर, भिंतींवर नाही, म्हणून तर एवढ्या लांबलचक मोकळ्या गॅलऱ्या! ७ जुलै १८९६ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा इथेच दाखवली गेली. त्याच वर्षी अमेरिकन लेखक मार्क ट्वेनही इथे उतरला होता.

२००५मध्ये बाल्कनीचा भाग कोसळला, २०१९मध्ये इमारत रिकामी केली. ती पाडून टाका, हे मला मुळीच पटत नाही. सुट्या भागांची जोडणीच आहे ती. जे गंजलंय ते बदला, बाकीचं राहू द्या.