तुम्ही विचारलेत म्हणून : ‘मग सरळ टीसीपीच का नाही?’

संगणकांदरम्यान माहिती नेण्याच्या दोन पद्धती आहेत : टीसीपी सगळे क्रमाने आणि खात्रीने पोचवतो, यूडीपी नुसते पाठवून मोकळा होतो. मी यूडीपी वापरतो. “क्रमांक तुम्हीच घालता, पोच तुम्हीच मागवता, हरवलेले पुन्हा तुम्हीच पाठवता, मग सरळ टीसीपीच का वापरत नाही?” हा प्रश्न मला सहकाऱ्यांनी, नव्याने रुजू झालेल्यांनी आणि ज्यांना सॉकेटचे (प्रोग्रॅमला नेटवर्कशी जोडणाऱ्या दाराचे) काही घेणेदेणे नाही अशा व्यवस्थापकांनीही विचारून झाला आहे. दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देतो आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘हट्टी आहे’ असा भाव उमटतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी आरोप मान्य करतो. होय, माझ्या प्रोग्रॅममध्ये क्रमांक असतात आणि काही ठिकाणी पोचही असते. पण हरवलेले सगळेच मी पुन्हा पाठवत नाही. दर सेकंदाला नवे मापन येत असेल, तर मागच्या सेकंदाचे हरवलेले मापन पुन्हा मागवण्यात मला रस नसतो. ‘हे आता जुने झाले, सोडून दे’ असे सांगण्याची सोय टीसीपीत नाही. मधला एक सेगमेंट (टीसीपीने पाठवलेला तुकडा) गहाळ झाला, की त्याच्या मागून सुखरूप पोचलेले सगळे कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, अडकून पडतात, कारण क्रमाने देण्याचे वचन टीसीपीने दिलेले असते. ते वचन मी मागितलेलेच नव्हते.

यूडीपीची व्याख्या करणारा, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये लिहिलेला आरएफसी ७६८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) अवघ्या तीन पानांचा आहे. प्रत्येक संदेशापुढचे हेडर आठ बाइटांचे : दोन पोर्ट (दोन्हीकडच्या प्रोग्रॅमचे क्रमांक), लांबी आणि चेकसम (मजकूर बिघडला का हे तपासणारी बेरीज). बाकीचे लिहायचे राहून गेले, अशा थाटात लोक त्याच्याविषयी बोलतात. मला मात्र ते जाणूनबुजून मोकळे सोडलेले वाटते.

मी या विषयावर इतक्या तावातावाने का बोलतो, याचे कारण एका प्रकल्पात आहे. अनेक मापनयंत्रे दर सेकंदाला शंभरेक बाइटांचा एक डेटाग्रॅम (यूडीपीचा एक सुटा संदेश) एका मध्यवर्ती संगणकाकडे पाठवत असत. काही काळ सगळे सुरळीत चालले आणि मग आलेखात फटी दिसू लागल्या. बैठकीत निदान लगेच झाले : “यूडीपी आहे, हरवणारच.” यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड, टाकले तरी पोचेलच असे नाही, हा नेहमीचा दाखलाही कुणीतरी दिला. त्या दाखल्याने आजवर फार नुकसान केले आहे, कारण त्यामुळे हरवणे म्हणजे वाटेत हरवणे, हेच डोक्यात पक्के बसते. पत्र दारापर्यंत येऊन पेटी भरलेली असल्यामुळे फेकले जाऊ शकते, हे कुणाला सुचत नाही.

मी ग्राहक यंत्रावर, म्हणजे मापने घेणाऱ्या त्या मध्यवर्ती संगणकावर, टीसीपीडंप (नेटवर्कवरून काय आले ते दाखवणारे साधन) लावून क्रमांक तपासले. एकही गहाळ नव्हता. प्रत्येक डेटाग्रॅम नेटवर्क कार्डापर्यंत आलेला होता. मग नेटस्टॅट या साधनातली यूडीपीची आकडेवारी उघडली. तिथे ‘रिसीव्ह बफर एरर्स’ अशी एक ओळ असते : बफर, म्हणजे वाचले जाईपर्यंत साठवायची जागा, भरल्यामुळे टाकून दिलेल्यांची गणती. ती दर वेळी पाहिली की आकडा पुढे सरकलेला असे, आणि वाढ आलेखातल्या फटींशी जुळत होती. कारण रटाळ होते. रिसीव्हफ्रॉमच्या (आलेला डेटाग्रॅम वाचणाऱ्या आज्ञेच्या) फेऱ्यातच, प्रत्येक मापन वाचल्यावर ते डेटाबेसमध्ये लिहिण्याची तरतूद कुणीतरी मागाहून केली होती. लिनक्सवर अशा सॉकेटला सहसा २,१२,९९२ बाइटांचा बफर मिळतो. ऐकायला भरपूर वाटतो. पण प्रत्येक छोट्या डेटाग्रॅममागे कर्नल स्वतःच्या नोंदीची जागाही त्यातच मोजतो, त्यामुळे काही शे डेटाग्रॅममध्ये तो भरून जातो. डेटाबेस जरा रेंगाळला, की पुढचे आलेले गुपचूप टाकून दिले जात. पाठवणाऱ्याला मात्र सेंडटू (पाठवण्याची आज्ञा) यशस्वीच दिसे, कारण त्या यशाचा अर्थ ‘माझ्या कर्नलने घेतले’ एवढाच असतो.

उपाय सोपा होता : फक्त वाचून रांगेत ठेवणारा एक वेगळा थ्रेड, आणि एसओ_आरसीव्हीबफ, म्हणजे बफरचा आकार, वाढवणे. मी आकड्यांसकट मांडणी केली. आकडे पाहिले गेले, माना डोलल्या आणि निर्णय होता तसाच राहिला : टीसीपी.

टीसीपी आले आणि फटी गेल्या. “बघा!” असे मला सांगण्यात आले. डेटाबेस मात्र पूर्वीइतकाच संथ होता. आता तो रेंगाळला की ग्राहकाचा बफर भरे, विंडो (आणखी किती घेऊ शकतो हे ग्राहक कळवतो तो आकडा) शून्यावर येई, मग पाठवणाऱ्याचा बफर भरे आणि शेवटी यंत्राचे सेंड अडकून बसे. दर सेकंदाला शंभर बाइट या हिशोबाने दोन्ही बाजूंच्या बफरांत कित्येक मिनिटांची मापने साठू शकतात, आणि तशी ती साठत होती. पडद्यावर वेळ दाखवली जायची ती आकडा पोचल्याची. तो मोजल्याची नव्हे. समोर बसलेला माणूस काही मिनिटांपूर्वीचा दाब आत्ताचा समजून वाचत होता. आलेख अखंड होता, एकही आकडा गहाळ नव्हता, त्यामुळे कुणाचीही तक्रार नव्हती. फट दिसत होती तोवर निदान काहीतरी बिघडले आहे हे कळत तरी होते. मी हे दाखवून दिल्यावर मला जे ऐकावे लागले ते थोडक्यात असे : जे चालले आहे त्याला हात लावू नका.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे नुसते गाऱ्हाणे होईल. त्याच प्रकल्पात दिवसाअखेरच्या बेरजा करणारी मंडळी टीसीपीवर मनापासून खूश होती. त्यांना प्रत्येक आकडा हवा होता. तो दहा मिनिटे उशिरा आला तरी त्यांचे काही अडत नव्हते. माझे निदान बरोबर होते, पण त्यांच्या गरजेचे उत्तर त्यात नव्हते.

पूर्वी मी विचारणाऱ्याला ‘यूडीपी वेगवान असतो’ एवढे सांगून मोकळा होत असे. त्या वेळच्या मला आज विचारावेसे वाटते : कोणता वेग? तारेवर दोघेही त्याच आयपीवरून (पत्ता पाहून पाकिटे पुढे नेणाऱ्या थरावरून), त्याच राउटरांच्या त्याच रांगांतून जातात. यूडीपीत टळते ते टीसीपीचे सुरुवातीचे हस्तांदोलन (जोडणी जुळवण्याची देवघेव) आणि हरवलेल्यासाठी थांबणे. यावर तो म्हणेल, “त्या न थांबण्यालाच मी वेग म्हणत होतो.” त्याला काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही.

गर्दीच्या नियंत्रणाबाबत (नेटवर्क तुंबू लागले की पाठवण्याचा वेग कमी करणे) तर माझी बाजू लंगडीच आहे. मार्च २०१७ चा आरएफसी ८०८५ बजावतो, की यूडीपी वापरणाऱ्याने गर्दीला आवर घालण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी. माझे प्रोग्रॅम ठरावीक, अगदी कमी वेगाने पाठवतात, म्हणून निभावते. आकाराबाबत मात्र मी काटेकोर आहे. साध्या इथरनेटवर आयपीव्ही४ मध्ये (आयपीच्या चौथ्या आवृत्तीत) एका डेटाग्रॅममध्ये १,४७२ बाइट मावतात. तरी मी १,२०० च्या वर जात नाही, कारण वाटेत टनेल (एका पाकिटात दुसरे घालून नेणारा मार्ग) असला तर जागा कमी होते, डेटाग्रॅमचे तुकडे पडतात, आणि एक तुकडा हरवला की अख्खा डेटाग्रॅम बाद होतो.

क्विकचे, म्हणजे यूडीपीवर बांधलेल्या नव्या पद्धतीचे, नाव आता हमखास निघते. मे २०२१ मध्ये तो आरएफसी ९००० म्हणून प्रसिद्ध झाल्यापासून दोन्ही बाजू त्यालाच साक्षीला बोलावतात. तुम्ही म्हणता : पाहा, यूडीपीवर शेवटी टीसीपीच पुन्हा बांधावे लागले. मी म्हणतो : पाहा, बांधताना प्रवाह वेगळे ठेवले, एकातले हरवले म्हणून दुसरा थांबत नाही, आणि हे करायला खालचा थर मोकळा असावा लागला.

सध्याच्या कामात मापने यूडीपीवर जातात आणि बेरजांच्या नोंदी टीसीपीवर. अडचण धोक्याच्या इशाऱ्याची आहे, कारण तो तत्काळही हवा आणि खात्रीनेही. तो मी एकाच क्रमांकाने तीनदा यूडीपीवर पाठवतो, शिवाय समांतर टीसीपी जोडणीवरूनही. जो आधी पोचेल तो धरायचा आणि त्याच क्रमांकाचे बाकीचे टाकून द्यायचे. तुम्ही म्हणाल, यात तुमचाच मुद्दा सिद्ध झाला. मला तसे वाटत नाही. पण आजवर यूडीपीची प्रत आधी किती वेळा पोचली याची मोजदाद तो प्रोग्रॅम ठेवत नाही, आणि ती ठेवायला सांगण्याची घाई मीही केलेली नाही.