भाल्याचं टोक काही भरेना

माझा पहारेकरी सलग सहा वेळा बिनहत्याराचा जन्माला आला. पाय ठीक, अंगरख्याच्या चुण्या ठीक, डाव्या हातातला कंदील ठीक, अगदी मिशीसुद्धा दिसत होती. उजव्या मुठीतला भाला मात्र मुठीच्या वर दोन-तीन मिलिमीटर जायचा आणि गोलसर बोथट होऊन थांबायचा.

कित्येक वर्षं मी तयार मिळणारी धातूची मिनिएचर, म्हणजे बोटभर उंचीच्या पुतळ्या, रंगवत आले. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे पुतळीच्या अंगावर उमटलेली रेघ कानशीनं घासताना ओतणाऱ्याच्या नावानं बोटं मोडायची, हा माझा ठरलेला कार्यक्रम. एकदा आपणच ओतून बघू, ही खुमखुमी त्यातूनच आली.

मूळ पुतळी घडवायला दोन आठवडे गेले. तारेचा सांगाडा, त्यावर इपॉक्सी पुट्टी. निळी आणि पिवळी पट्टी एकत्र मळली की हिरवी होते ती. माप २८ मिलिमीटरचं. ते बहुतेक जण तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. एवढ्याशा आकारात खऱ्या माणसाचं प्रमाण ठेवलं तर हात काडीसारखे दिसतात आणि ओततानाही घात करतात. म्हणून डोकं, पंजे आणि हत्यारं मुद्दाम थोडी जाड करतात. मी डोकं आणि पंजे जाड केले. भाला मात्र हट्टानं बारीक ठेवला, कारण जाड भाला मला मुसळासारखा दिसत होता. पुढचं सगळं रामायण त्या हट्टातून घडलं.

साचा दोन भागांचा. पुतळी मातीत अर्धी बुडवायची, माती अगदी कडेपर्यंत नीट बसवायची, मग उघड्या अर्ध्यावर सिलिकॉन ओतायचं. ते घट्ट झालं की उलटं करून माती काढायची आणि दुसरी बाजू ओतायची. मातीत मधेमधे गोल खड्डे केले की दुसऱ्या भागाला तसेच उंचवटे येतात आणि दोन्ही भाग न सरकता एकमेकांत बसतात. इथे सगळ्यात जास्त डोकं खर्च होतं ते रेघ कुठून न्यायची यावर. चेहऱ्यावरून गेली तर संपलंच. मी ती अंगरख्याच्या कडेनं, दंडाच्या मागून आणि भाल्याच्या लांबीतून नेली.

पहिला साचा वाया गेला. मी प्लॅटिनमवर जमणारं सिलिकॉन वापरलं आणि माती गंधकवाली निघाली. गंधक लागलं की ते सिलिकॉन जमतच नाही. वरून छान रबर, आणि पुतळीला टेकलेला थर गुळाच्या पाकासारखा चिकट! कंदिलाच्या सळ्यांमधून तो टूथपिकनं काढत एक अख्खी संध्याकाळ घालवली. दुसऱ्या खेपेला बिनगंधकाची माती घेतली आणि ३०० अंशांच्या आसपासची उष्णता सोसणारं सिलिकॉन आणलं. दोन भागांच्या मधे व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला. सिलिकॉन इतर कशाला फारसं चिकटत नाही, पण सिलिकॉनला असं चिकटतं की ब्लेडशिवाय सुटत नाही.

धातूसाठी मी शिसं टाळलं. जुने लोक शिसं-कथलाचं मिश्रण वापरायचे, आणि का ते कळतं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असेल तर ते १८३ अंशांनाच एकदम पाण्यासारखं वितळतं, लगद्याची अवस्था मधे येतच नाही. पण शिशाची धूळ पोटात जायला नको म्हणून मी बिनशिशाचं प्यूटर घेतलं. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक कथील, बाकी अँटिमनी आणि थोडं तांबं. नुसतं कथील २३२ अंशांना वितळतं, पण फार मऊ राहतं. अँटिमनीनं कणखरपणा येतो. भांडं आणि पळी फक्त याच कामासाठी ठेवलेली, खिडक्या उघड्या, डोळ्यांना गॉगल, हातात चामडी मोजे, पायात बंद बूट. आणि आसपास पाण्याचा थेंब नको. वितळलेल्या धातूखाली ओल सापडली की तिची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून अंगावर येतो. त्यामुळे वाया गेलेले तुकडे परत भांड्यात टाकण्याआधीही ते कोरडे आहेत ना, हे मी दोनदा बघते.

धातू किती तापला हे बघायला कोरडी काडी बुडवायची. ती सावकाश तपकिरी झाली तर ओतायला हरकत नाही, झटकन काळी पडून धुमसली तर जास्त झालं. वरची मळी पळीनं बाजूला केली, साचा दोन फळ्यांमधे आवळला आणि ओतलं.

पहिली पुतळी सुरकुतलेली निघाली, कारण साचा थंड होता. तिसरीपर्यंत साचा गरम झाला आणि अंगरखा सुरेख आला. भाला नाही. मी धातू आणखी तापवला. आता अंगावर साखरेसारखा रवाळ, पांढुरका पोत आला, म्हणजे उष्णता जास्त झाली होती. भाला तरीही नाहीच. मग ओतायचं तोंड रुंद केलं. आता भरभर जाईल म्हटलं. सहावीही तशीच निघाली.

ओळखीतले एक काका आहेत, त्यांचं आयुष्य ओतकामात गेलं. त्यांच्यासमोर साचा उघडून ठेवला. त्यांनी भाल्याच्या खाचेच्या टोकावर नख ठेवलं.

“धातू इथवर येतो, हे ठीक. पण इथली हवा कुठं जाते?”

“वरून... ओतायच्या तोंडातून?”

“अगं, वरून तर तू धातू घालतेस!”

पुतळी साच्यात उलटी असते, पाय वर आणि डोकं खाली, म्हणजे ओतायचं तोंड पायाखालच्या चकतीला येतं. त्यामुळे माझ्या भाल्याचं टोक साच्यातली सगळ्यात खालची बंद गल्ली होती. वरून धातू उतरला की तिथली हवा कोंडायची. एक मिलिमीटरच्या बोळातून ती उतरत्या धातूला ओलांडून वर येणार कशी? ती थोडी दबायची आणि मग अडून बसायची. तेवढ्यात धातू गोठायचा. मी सहा वेळा धातूची सोय बघितली होती, हवेची एकदाही नाही.

उपाय पाच मिनिटांचा होता. भाल्याच्या टोकापासून स्काल्पेलनं केसाएवढी खाच कापली, ती बाजूनं वळवून साच्याच्या वरच्या कडेपर्यंत नेली. तशीच एक कोपरापासून, एक कंदिलाच्या तळापासून. आतून शंखजिऱ्याची पूड ब्रशनं लावली आणि जादाची झटकली. पुडीच्या कणांमधून हवा सुटते आणि धातू बारीक जागेत सहज शिरतो. काकांच्या सांगण्यावरून ओतायचं तोंडही उंच केलं. वरच्या धातूच्या वजनानंच खालचा धातू कोपऱ्यात रेटला जातो. ओतल्याबरोबर साचा टेबलावर दोनदा हलकेच आपटला.

सातव्या पुतळीला भाला आला, टोकासकट. टोकातून निघालेली धातूची केसासारखी तार बाजूनं वर वळून गेली होती. ती पकडीनं तोडताना मला जेवढा आनंद झाला, तेवढा चेहरा रंगवतानाही कधी झाला नव्हता.

कारखान्यात हाच प्रश्न वेगानं सोडवतात. व्हल्कनाइझ केलेल्या रबराची गोल तबकडी, मधे ओतायचं भोक, भोवती पुतळ्यांच्या खाचा. तबकडी गरगर फिरते आणि धातू बाहेरच्या दिशेनं फेकला जातो. हवेच्या वाटा मात्र तिथेही कापाव्याच लागतात. ते रबर उष्णतेत आणि दाबाखाली पक्कं होतं, त्यात पुट्टीची नाजूक पुतळी बहुधा टिकत नाही. म्हणून आधी माझ्यासारख्या साध्या साच्यातून धातूच्या प्रती काढतात आणि त्या रबरात दाबतात. हे कळल्यापासून रेघेवरून बोटं मोडणं मी बंद केलं आहे. बरंचसं.

तिसाव्या पुतळीच्या आसपास भाल्याच्या खाचेची कड फाटायला लागली. सिलिकॉनचा सगळ्यात पातळ भाग तोच, आणि दर वेळी पुतळी ओढून काढताना ताण तिथेच यायचा. मग बाजारातल्या कित्येक पुतळ्यांची मूठ पोकळ का असते आणि भाला तारेचा वेगळा का लावायचा असतो, तेही उमगलं. नव्या पहारेकऱ्याची मूठ मी आरपार भोक ठेवून घडवली आहे. तार कापून ठेवली आहे, टोक ठोकून चपटं करायचं बाकी आहे.