मुंगूस

परवा दुपारी भाचा प्रोजेक्टची वही घेऊन आला. नववीत आहे. आषाढ अर्धा सरला तरी धुळ्यात पावसाचा पत्ता नाही, नुसतं आभाळ दाटतं आणि जातं, पंखा फिरतोय पण अंगाला वारा लागत नाही, अशा वेळेला हा म्हणतो, "मामा, परिसरातल्या दहा स्थानिक वनस्पती आणि दहा प्राणी, निरीक्षणासकट. उद्या द्यायचंय."

वनस्पती त्याने कॉलनीत फिरून, मोबाईलवर फोटो काढून आधीच उरकल्या होत्या. गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ, वेडी बाभूळ, घाणेरी, गाजरगवत. मी म्हटलं अरे, गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, बाकीचे सगळे अमेरिकेकडून आलेले, यात आपलं कोण आहे? तो म्हणे, "पण कॉलनीत तर हेच आहेत ना." आता याला काय उत्तर द्यायचं. ते खोड आणि चिंच लिही म्हणणार होतो तेवढ्यात आठवलं, चिंचही आफ्रिकेतली. आणि ज्या मिरचीवर आमचं अख्खं दोंडाईचा जगतं ती पोर्तुगीजांबरोबर आलेली. मग मी गप्प बसलो. पळस, अंजन आणि तरवड एवढे तेवढे घुसवले. तरवडापुढे त्याने कंसात 'एक झुडूप' लिहिलं ते मात्र खोडायला लावलं, मला तो शब्द सहन होत नाही. झुडूप काय झुडूप, नाव आहे ना त्याला.

आमच्या वेळी पर्यावरण असा वेगळा विषय नव्हता, तो सक्तीचा झाला सुप्रीम कोर्टाच्या २००३ च्या आदेशानंतर. १९९७ साली मी नववीत, आणि आम्हाला जीवशास्त्राच्या सरांना लहर आली की शाळेमागच्या नाल्यावर नेत. चार खुंट्या आणि सुतळी. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा आणि आत जे जे उगवलंय ते मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं पण दोन सरी पडून गेल्यावर एका चौकोनात काय काय असतं ते गुडघे टेकून बसल्याशिवाय कळत नाही. केना, लव्हाळा, आघाडा, गोखरू, आणि नाव माहीत नसलेली बारीक बारीक पन्नास रोपं. आमच्या गटातल्या एका मुलीला सगळी नावं यायची. सरांनी विचारलं तुला कसं गं येतं, तर म्हणाली, "मायसंगे निंदाले जास ना मी." तेव्हापासून सर आधी तिला विचारायचे आणि मग पुस्तकात बघायचे.

तर आमचा चौकोन नेमका टिटवीच्या अंड्यांवर पडला. घरटं असं काही नसतंच तिचं, बांधावरच्या खड्यांत नुसती खोलगट जागा, त्यात चार अंडी, टोकं आत, मातकट रंगावर काळे ठिपके, मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर खुंटी ठोकत होतो तरी दिसली नाहीत. टिटवी अशी डोक्यावर झेपावत होती की सुतळी टाकून सगळे पळाले. सरांनी चौकोन वीस पावलं लांब हलवला आणि एक नवीन तक्ता आखून दिला. तारीख, वेळ, अंड्यांची संख्या, शेरा. दिवसाआड लिंबाखाली बसून लांबून बघायचं. घरी आजोबांना सांगितलं तर त्यांना तक्त्याचं काही नाही, बांधाच्या वर घातली की खाली एवढंच विचारलं. वर, म्हटलं. "मग पाणी भरपूर शे," म्हणाले आणि झोपले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात रानपिंगळा सापडला. खान्देशातलाच पक्षी, १८८४ मधे आपल्याकडेच शेवटचा नमुना मिळाला आणि मग ११३ वर्षं कोणाच्या खात्रीच्या नोंदीत नाही. तो शोधला पामेला रासमुसन आणि तिच्या सोबत्यांनी, अमेरिकेहून येऊन, शहाद्याजवळ. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा व्हायचा होता, शहादा आमच्याच धुळे जिल्ह्यात. गंमत म्हणजे हा पिंगळा रात्रीचा नाही, दिवसाढवळ्या उन्हात झाडावर बसतो. म्हणजे लपलेला होता असंही म्हणता येत नाही. आमच्या वहीत तो नव्हता एवढं खरं.

पण विषय टिटवीचा चालला होता.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी एकटाच गेलो. टिटवी पाण्यावर उतरली होती. मी एक अंडं उचललं. का, ते आजही नीट सांगता येत नाही, बहुतेक वहीत लावायला, सगळ्यांची पानंच होती, अंडं कोणाकडेच नव्हतं. कंपासमधे सरकीचा कापूस घालून ठेवलं. गरम होतं, हाताला लागेल इतकं गरम. घरी येईपर्यंत कर्कटकावर आपटून फुटलं. मला वाटलं पिवळं निघेल. आत पाय होते.

कंपास मोरीत धुतली. पुढच्या निरीक्षणात अंड्यांची संख्या ३ लिहिली. सरांनी लाल पेनने शेजारी विचारलं, 'कारण?' मी लिहिलं, मुंगूस. सरांनी बरोबरची खूण केली आणि प्रोजेक्टला दहापैकी दहा दिले. उरलेल्या तिघांचं काय झालं मी बघायला गेलो नाही, माझ्याऐवजी गटातला दुसराच कोणीतरी जायचा. पाऊस त्या वर्षी किती पडला तेही आठवत नाही.

"मामा, प्राणी नऊच झाले," भाचा म्हणाला. "मुंगूस लिहू का? तू पाह्यलाय ना?"

"लिही."

"निरीक्षणात काय लिहू?"

मी काही बोलायच्या आत त्याने मोबाईलवर बघून लिहूनही टाकलं, पक्ष्यांची अंडी खातो. अक्षर चांगलं आहे त्याचं.