अग्निदट्ट्या: कापूस पेटला एकदाचा

अग्निदट्ट्या म्हणजे तळाला बंद नळी: दट्ट्या फटक्यात आत दाबायचा, हवा दाबली जाऊन तापते आणि तळाचा कापूस पेटतो. काल रात्री नवव्या फटक्याला नळीच्या तळाशी नारिंगी ठिपका चमकला. दट्ट्या उपसला तर धुराचा बारीक दोरा वर आला. आईने आतून विचारलं, "देवाजवळची वात विझली का रे?"

नळी अ‍ॅक्रिलिकची, आतून ८ मिमी रुंद. हवेचा स्तंभ १२ सेंमी. दोन आठवडे कापूस पेटत नव्हता आणि मी ओ-रिंगवर (दट्ट्याभोवतीची हवाबंद रबरी कडी) खापर फोडत होतो. पण दट्ट्या दाबून सोडला की टुणकन वर यायचा, म्हणजे हवा गळत नव्हतीच. दांडाच आखूड होता. मूठ नळीच्या तोंडावर आपटायची आणि तळाशी २ सेंमी हवा तशीच राहायची. हवा सहापट दाबली जाते तेव्हा तापमान फार तर ३४० अंश सेल्सिअस, आणि कापसाला साधारण चारशे तरी लागतात. नव्या दांड्याने तळाशी ८ मिमी उरतात. पंधरापट! कागदावर ६१३ अंश.

आता गंमत हिशोबाची. आतली हवा जेमतेम एका मोलचा (रेणू मोजायचं एकक) चार हजारावा भाग. तिला एक अंश तापवायला ०.००५ ज्यूल पुरतात, म्हणजे खोलीच्या २७ वरून ६१३ पर्यंतच्या ५८६ अंशांना ३ ज्यूल. फटका इतका झटपट की उष्णतेला भिंतीत शिरायला सवडच नाही; केलेलं सगळं काम हवेच्या अंतर्गत ऊर्जेत, म्हणजे तिच्या रेणूंच्या हालचालीत जमा. त्यातलेही सुमारे ०.६ ज्यूल बाहेरचं वातावरणच दट्ट्या ढकलून देतं, माझ्या हाताचे फक्त २.४. (कामाचं अधिक-उणे चिन्ह भौतिकशास्त्रात एक, रसायनशास्त्रात उलटं. मी 'हवेवर केलेलं काम अधिक' असं वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.)

मग तोच दांडा दहा सेकंद घेत सावकाश दाबला. कापूस ढिम्म. या वेळी काम १.६५ ज्यूल, आणि तेवढीच उष्णता भिंतीतून बाहेर. अंतर्गत ऊर्जा होती तिथेच. हात लावून पाहिलं, नळी गारच. इतक्या थोड्या उष्णतेने अ‍ॅक्रिलिकला काय होणार!

वीसपट करायचा मोह आहे. पण पंधरापटीलाच आतला दाब बाहेरच्या हवेच्या ४४पट होतो आणि तळाच्या बुचाजवळ केसाएवढी चीर दिसतेय. आधी नळी बदलतो.